विरुद्धार्थी शब्द लिहा : सत्य

परीक्षेत या प्रश्नाला अर्धा गुण असायचा आणि उत्तर एका शब्दात आटपायचं : असत्य. गाईडात तेच छापलेलं असायचं, उत्तरपत्रिकेत तेच उतरायचं. आपल्या शाळेत मात्र हा अर्धा गुण आम्हाला वर्षभर पुरला. मराठीच्या बाईंनी आणि संस्कृतच्या सरांनी, आपसात काही न ठरवता, एकाच वर्षी तो शब्द असा उकलून दाखवला की त्यातून बाहेर पडावंसं मला कधी वाटलंच नाही. महोत्सवी स्मरणिकेत मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल, सहलींबद्दल इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितील. मी त्या शब्दाबद्दल लिहितो. शिक्षण संपल्यावर वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी धरली. कुणाचं म्हणणं खरं, कुणाचं खोटं, कुणाचं नुसतंच चुकीचं, हे पाहून बातमीला मथळा द्यायचा, हे तिथलं रोजचं काम. त्या कामाला लागलेली सगळी हत्यारं मी नववीच्या वर्गातून नेली आहेत.

बाईंनी त्या दिवशी फळ्यावर 'सत्य' लिहिलं, शेजारी फुली काढली आणि म्हणाल्या, "असत्य सोडून सांगा." पहिल्या बाकावरून 'खोटं' आलं. मग 'लबाडी', 'थाप', 'ढोंग', 'फसवणूक'. मागच्या बाकावरून कुणीतरी 'बंडल' म्हणालं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. 'बंडल' त्यांनी इतर शब्दांच्याच ओळीत, तितक्याच नीट अक्षरात लिहिला. मग सगळ्यांनाच धीर आला. बाता, बतावणी, बनाव, भूलथापा, पुडी, लोणकढी, अफवा, वावडी, हूल, कांगावा, कुभांड, तोतया, नकली, बनावट... फळा भरला. कोपऱ्यातली तारीख आणि पटसंख्या पुसून तिथेही शब्द बसवावे लागले.

"आता यातला कुठला शब्द दुसऱ्याच्या जागी चालेल, ते सांगा," बाई म्हणाल्या. आम्ही एकेक जोडी लावून पाहू लागलो आणि एकही नीट बसेना. थाप आणि अफवा? नाही. ढोंग आणि बनाव? तेही नाही. सत्याला विरुद्ध असलेली एवढी मोठी फौज, आणि त्यात एकसारखे दोन शिपाई सापडत नव्हते.

मग त्यांनी रीत शिकवली. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे. बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक आहे का? ऐकणाऱ्यानं फसावं अशी त्याची इच्छा आहे का? आणि फसल्यावर ऐकणाऱ्याचं काय जातं? पहिल्याच प्रश्नाला 'नाही' आलं, की माणूस खोटारडेपणाच्या कक्षेबाहेर गेला. त्याची चूक आहे किंवा त्याला भूल पडली आहे. त्यातही चूक हातून होते आणि भूल समजुतीत पडते. पूर्वीच्या हिशेबाच्या कागदाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहीत, ते दोन्ही शब्द उगाच जोडून नव्हेत, हे मला त्या दिवशी कळलं. बेरीज करताना हातचा विसरला तर चूक, समोरच्याचं नावच दुसरं समजून खातं लिहिलं तर भूल.

थापेत बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यानं ती गिळावी असंही वाटतं, पण जाण्यासारखं फारसं काही नसतं. थाप पकडली गेली की बहुतेक वेळा दोघंही हसतात. लोणकढी म्हणजे तर ताजी कढवलेली, जागच्या जागी तयार झालेली थाप. लबाडीत मात्र ऐकणाऱ्याच्या खिशाला, हक्काला किंवा विश्वासाला हात लागतो. बनावाला वेळ लागतो, माणसं लागतात, आधी ठरवलेले साक्षीदार लागतात. रागाच्या भरात खोटं बोलून जाणं शक्य आहे. रागाच्या भरात बनाव रचता येत नाही.

या 'रचता'कडे बाईंनी आमचं लक्ष मुद्दाम वळवलं. नामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं, असं त्यांचं मत होतं आणि माझंही तेच झालं आहे. थाप मारतात, पुडी सोडतात, बाता ठोकतात. कुभांड आणि बनाव रचतात. सोंग घेतात किंवा आणतात, ढोंग करतात. आणि या दोन्हींत केवढं अंतर! सोंग घेणारा आपण कोण आहोत हे विसरत नाही आणि बघणाराही बहुधा विसरत नाही. ढोंग करणाऱ्याला बघणाऱ्यानं विसरावं असंच वाटत असतं. आणि अफवा? अफवा उठते. पसरते. ती कुणी मारत नाही, कुणी रचलेली दिसत नाही. मराठीनं इथे कर्ताच काढून घेतला आहे, कारण खरोखरच तो सापडत नाही. पुढे कळलं की अफवा हा मुळात अरबी शब्द, आणि तिथे त्याचा अर्थ 'तोंडं' असा आहे, तोंडाचं अनेकवचन. बोलणारा एक नाही, अनेक तोंडं आहेत, एवढंच त्या शब्दाला माहीत आहे. डेस्कवर रात्री उशिरा 'अशी चर्चा आहे' असं सांगणारा फोन आला की मला हे अनेकवचन आठवतं आणि मी पहिला प्रश्न विचारतो : कोणाच्या तोंडून ऐकलंत?

कांगाव्यावर बाई सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. कांगावा करणारा नुसतं खोटं सांगत नाही. ज्यानं मारलं तोच "मेलो, मेलो" म्हणून ओरडत सुटतो. ज्याचं गेलं त्याच्या जागी तो स्वतः जाऊन बसतो आणि ज्याचं गेलं त्याला आरोपीच्या जागी उभा करतो. साधं खोटं उघडं पाडायला एक पुरावा पुरतो. कांगावा उघडा पाडायचा तर आधी सगळी जागांची अदलाबदल उलटी करावी लागते, तोवर लोकांची सहानुभूती वाटून झालेली असते. फळ्यावरच्या शब्दांत सर्वांत वाईट कुठला, असं आज मला कुणी विचारलं तर मी बेलाशक कांगाव्याकडे बोट दाखवीन.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हती, हे लवकरच वर्गात दिसलं. एका मुलाची कंपासपेटी हरवली. शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे तशीच पेटी होती, आणि "यानंच घेतली" असं पहिला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला. दोघंही हमरीतुमरीवर आले. पेटी नंतर प्रयोगशाळेतल्या टेबलावर मिळाली, तिथे तो स्वतःच विसरला होता. आता वर्ग उलटला. "खोटारडा, खोटारडा" सुरू झालं. बाई आल्या, दोघांचं ऐकून घेतलं आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले : आळ, कुभांड. "यानं काय केलं?" त्यांनी विचारलं. तीन प्रश्न आम्हाला पाठ होते. त्याला खरं ठाऊक होतं का? नव्हतं. कुणाला फसवायचं होतं का? नाही, त्याची पेटी हरवली होती आणि त्याला खरंच तसं वाटलं होतं. मग तो आळ. जाणूनबुजून, पुरावा तयार करून कुणाला गुंतवलं असतं तर कुभांड झालं असतं. बाईंनी त्या मुलाला माफी मागायला लावली, पण "खोटं बोललो" म्हणून नाही. "न पाहता बोललो" म्हणून. आणि "खोटारडा" म्हणणाऱ्या बाकीच्यांना सांगितलं की आता तुम्हीही त्याच्यावर आळच घेता आहात. ज्याच्यावर चोरीचा आळ आला होता तो मुलगा त्या दिवसापर्यंत फार बोलत नसे. मधल्या सुट्टीत तो आळ आणि कुभांड यांतला फरक दुसऱ्या तुकडीला समजावून सांगत होता.

शाळेच्या ग्रंथालयात दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड होते, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला तो कोश. बाई आम्हाला तिथे पाठवायच्या. 'खोटं' शोधायला गेलो की आजूबाजूला 'खोट' भेटायची, म्हणजे उणीव, तोटा; आणि 'खोटी', म्हणजे खोळंबा. "माझी खोटी झाली" म्हणजे मी खोटं बोललो असं नाही, माझा वेळ गेला. नाणं खोटं असतं, दागिना खोटा असतो, नियत खोटी असते, भविष्य सांगणारा खोटा पडतो. म्हणजे आपला हा रोजचा शब्द फक्त जिभेपुरता नाही. जे दिसतं तितकं भरत नाही, ते खोटं. संस्कृतच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, व्यापाराला मनुस्मृतीत काय म्हटलंय माहीत आहे? 'सत्यानृत'. खरं आणि खोटं एकत्र. अमरकोशातही तेच. हे त्यांनी कुणाला हिणवायला सांगितलं नव्हतं. पारख करणं हा व्यवहाराचा गाभा आहे, हे त्यांना सांगायचं होतं.

याच शब्दाची एक गंमत मात्र कुठल्या कोशानं नाही, बालवाडीनं शिकवलेली असते. मराठीत 'खरं' दोनदा म्हटलं की ते अधिक खरं होतं : "खरं खरं सांग." पण 'खोटं' दोनदा म्हटलं की ते अधिक खोटं होत नाही. "आपण खोटं खोटं भांडायचं." "ही खोटी खोटी शाळा, मी खोटी खोटी बाई." दुसऱ्यांदा उच्चारताच त्यातलं विष उतरतं आणि खेळ उरतो. तीन वर्षांच्या मुलाला हा फरक बिनचूक कळतो. कुणी खोटं बोललं तर ते चिडतं आणि खोटं खोटं बोललं तर सामील होतं. मुलांना सत्य कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावं. दोघांनाही ठाऊक असलेलं असत्य फसवत नाही, हा बाईंच्या तीन प्रश्नांचा सगळ्यात लहान पुरावा आहे.

कविता शिकताना तोच धागा पुन्हा हाती आला. अलंकार पाठ करणं बऱ्याच मुलांना नको व्हायचं, मला ते असत्याच्या नव्या यादीसारखे दिसू लागले. अतिशयोक्ती आहे त्याहून फुगवून सांगते. अपन्हुती समोरची वस्तूच नाकारते : हे डोळे नव्हेत, ही उमललेली कमळं. भ्रांतिमानात एका वस्तूच्या जागी दुसरीच वस्तू समजून कुणीतरी वागतं, ससंदेहात ठरतच नाही. व्याजस्तुतीत वरून स्तुती, आतून निंदा. यातलं अक्षरही खरं नाही आणि तरी कवीला कुणी खोटारडा म्हणत नाही, कारण ऐकणारा कवीच्या बाजूला उभा असतो. अपन्हुती कवितेत अलंकार आणि चौकशीत गुन्हा. शब्द तोच, फरक ऐकणाऱ्याला माहीत असण्याचा.

आता सरांकडे वळतो. संस्कृतचा तास दुपारी असायचा. समास शिकवताना 'असत्य'चा विग्रह आला : न सत्यम्. नञ् तत्पुरुष. आम्हाला वाटलं, संपलं. सरांनी एक श्लोक सांगितला आणि तो आजही मला तोंडपाठ आहे :

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता ।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः ॥

नकाराचे सहा अर्थ! आम्ही आजवर 'अ' म्हणजे 'नाही' एवढंच समजत होतो. सरांनी एकेक उदाहरण फळ्यावर मांडलं. 'अपाप' म्हणजे पापाचा अभाव. 'अनश्व' म्हणजे घोडा सोडून दुसरं कोणतंही जनावर. 'अनुदरा' म्हणजे जिला पोटच नाही अशी? नाही, जिचं पोट अगदी बारीक आहे अशी. इथे 'अ' थोडेपणा दाखवतो. 'अकाल' म्हणजे काळच नसणं नव्हे, नको तो काळ. 'अधर्म' म्हणजे धर्माच्या उलट. आणि 'अनिक्षु' : इक्षु म्हणजे ऊस, अनिक्षु म्हणजे उसासारखं दिसणारं एक उंच गवत. लांबून ऊसच वाटावं असं.

व्याकरणाच्या हिशेबानं 'असत्य'मधला 'अ' विरोधाचा, हे सरांनी आधीच स्पष्ट केलं. पण मग म्हणाले, उरलेले पाच अर्थ लावून बघा, काय मिळतं. तो तास मी कधी विसरणार नाही. सत्याहून वेगळं : गोष्ट, नाटक, कल्पित. सत्याचा अभाव : मूग गिळून बसणं, जिथे एक शब्दही खोटा नसतो कारण शब्दच नसतो. अल्प सत्य : अर्धवट सांगणं. नको तसं सत्य : यावर बराच वेळ कुणाला काही सुचेना, मग एक मुलगी म्हणाली, "चहाडी." सर क्षणभर थांबले आणि त्यांनी वहीत ते टिपून घेतलं. चहाडी बहुतेक वेळा खरीच असते. तरी ती सत्याच्या बाजूची वाटत नाही, आणि का वाटत नाही हे त्या मुलीनं एका शब्दात सांगितलं होतं. शेवटी उरलं सत्याच्या सारखं दिसणारं, अनिक्षूसारखं. त्या खान्यात काय लिहायचं हे मात्र आम्हाला तेव्हा नीट जमलं नाही. डेस्कवर बसल्यावर ते खानं रोज भरत गेलं.

'सत्यमेव जयते' हे मुंडकोपनिषदातलं वाक्य, १९५० पासून राजमुद्रेखाली असलेलं, सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचा शब्द सरांनी आमच्याकडून घोकून घेतला होता : 'नानृतम्'. अनृत. हा 'असत्य'पेक्षा जुन्या वळणाचा शब्द. ऋत म्हणजे जगाचा नीट चाललेला क्रम, आणि अनृत म्हणजे त्या क्रमाला बसलेला धक्का. ऋग्वेदात वरुण राजा पाण्यामधून जाताना माणसांचं 'सत्यानृत' पाहत जातो असं वर्णन आहे. खोटं बोलणारा फक्त ऐकणाऱ्याचा नाही तर सगळ्या व्यवस्थेचा काहीतरी मोडतो, हा अर्थ त्या शब्दात आहे, तो 'असत्य'मध्ये नाही.

आणि मग युधिष्ठिर. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांनी विचारलं, धर्मराज म्हणाला, अश्वत्थामा मेला. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द मराठीत सरसकट वापरले जातात, कुणी गुळमुळीत बोललं की. सरांनी महाभारतातली मूळ ओळ दिली : 'अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत'. 'हत्ती मेला' हे तो अव्यक्तपणे म्हणाला, ऐकू जाणार नाही असं. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. या वाक्यात खोटा शब्द कुठला, असं सरांनी विचारलं. आम्ही शोधला. एकही नव्हता. अश्वत्थामा मेला हे खरं, हत्ती मेला हेही खरं. खोटा होता तो आवाज. एक शब्द मोठ्यानं आणि दुसरा हळू, एवढ्यानं सगळं उलटलं.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात (२.३०) सत्य वाणीची व्याख्या आहे. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी वाणी असते; ती 'वञ्चिता', 'भ्रान्ता' किंवा 'प्रतिपत्तिवन्ध्या' नसावी. फसवणारी नको, चुकलेली नको, आणि ऐकणाऱ्याला काहीच कळू न देणारी नको. पहिल्या दोषाचं उदाहरण म्हणून या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी नेमकं युधिष्ठिराचं हेच उत्तर घेतलं आहे. हे मला पुढे कॉलेजात वाचायला मिळालं आणि दोन्ही गुरुजनांची आठवण एकदम झाली, कारण बाईंचे प्रश्न आणि भाष्यकारांचे शब्द किती जवळचे आहेत! तिसरा दोष तर मला अजून थक्क करतो. शब्द खरे, हेतू शुद्ध, पण समोरच्याला अवाक्षर कळत नाही, तर तेही सत्यात बसत नाही. रोग्याला समजणार नाही अशा भाषेत सांगितलेलं निदान, सही करणाऱ्याला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरातल्या अटी, शेतकऱ्याला उलगडणार नाही असं परिपत्रक. हे खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही. भाष्यकार म्हणतात, हे सत्यही नाही.

भ्रान्ता वाणीसाठी जुन्यांचं ठरलेलं उदाहरण अंधारातल्या दोरीचं : दोरीवर साप भासतो. मराठीनं याचा पुढचा भाग सांगून ठेवला आहे, साप साप म्हणून भुई धोपटणे. दोरी पाहून दचकणारा खोटारडा नसतो. पण उजेड आणल्यावरही जो धोपटत राहतो, त्याला काय म्हणायचं? तोच माणूस, तेच शब्द, पण दिवा लागण्यापूर्वी भ्रम आणि नंतर दुसरंच काहीतरी. इतिहासाच्या तासाला सदाशिवरावभाऊंचा तोतया आला होता. १७६१ मध्ये पानिपतावर भाऊ पडले, पुढे स्वतःला भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत १७७६ उजाडलं. तोतया स्वतः कोण होता हे त्याला माहीत होतं. त्याच्यामागे गेलेल्यांपैकी काहींना दोरी साप दिसत होती आणि काहींना दोरी दोरीच दिसत होती. सगळ्यांना एक शब्द लावला की इतिहासही चुकीचा होतो.

डेस्कवर हे सगळं रोज लागतं. एका भाषणातले आकडे चुकीचे निघाले तेव्हा एका नव्या सहकाऱ्यानं मथळा लावला, 'खोटी आकडेवारी'. मी तो 'चुकीची आकडेवारी' असा केला. तो चिडला, त्याला वाटलं मी बातमी मवाळ करतोय. मी त्याला विचारलं, बरोबर आकडा त्यांच्यासमोर आला होता, याचा कागद आहे का आपल्याकडे? नव्हता. पुढे तोच चुकीचा आकडा दुरुस्ती पाठवल्यानंतरही पुन्हा वापरला गेला, तेव्हा मथळ्यात 'दिशाभूल' आलं, आणि ते मीच घातलं. पहिल्या दिवशी आम्ही 'खोटी' लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शब्दच उरला नसता. शिवाय हेतू माहीत नसताना कुणाला खोटं ठरवणं हाच एक आळ असतो, आणि वर्तमानपत्रानं घेतलेला आळ हजारो घरांत जातो.

छायाचित्रांचं प्रकरण याहून नाजूक. पुराचा खरा फोटो, त्यात कुठे काही खाडाखोड नाही, पण तो जुना, आणि खाली फोटोओळ आजच्या पावसाची. त्या फोटोला 'बनावट' म्हणणं हेही असत्यच. फोटो खरा आहे, ओळ खोटी आहे, आणि दोघं मिळून जे सांगतात ते अनिक्षू आहे. उसासारखं दिसणारं गवत. नववीत रिकामं राहिलेलं खानं असं भरत गेलं. बातमीत अशा वेळी मी नेहमी दोन वाक्यं घालतो : फोटो कधीचा, आणि ओळ कुणाची. एका शब्दात निकाल दिला की वाचकाला बरं वाटतं, पण त्याच्या हाती पारख येत नाही.

एखादी गोष्ट लाखो लोकांनी पुढे पाठवली आहे, हाच तिचा पुरावा मानणारे रोज भेटतात. त्यांच्याशी वाद घालताना मला तुकोबांची ओळ पुरते : 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीला स्वतःचं मन उभं करायचं, ही किती अवघड अट आहे ते रात्री पान लावताना कळतं. बहुमत मोजता येतं, मनाची उलटतपासणी स्वतःच घ्यावी लागते.

अलीकडे 'फेक' हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की आपलं 'फेकणं' त्यात मिसळून गेलं. "फेकू नकोस" हे आपण आधीपासून म्हणत होतो. दोन वेगळ्या घरांतले हे शब्द एकाच उंबऱ्यावर आले, आणि त्यामुळे नुकसानही होतं आहे. बनावट, दिशाभूल करणारं, कालबाह्य, अर्धवट, चुकीचं, विनोदानं केलेलं, सगळ्यावर 'फेक'चा एकच शिक्का बसतो. त्याहून वाईट म्हणजे न आवडलेल्या खऱ्या बातमीलाही तोच शिक्का मारता येतो. सत्याचा अपलाप या जुन्या शब्दप्रयोगाची मला अशा वेळी फार गरज वाटते. अपलाप म्हणजे नवं खोटं सांगणं नाही. समोर असलेलं खरं नाकारणं. 'फेक' म्हणणाऱ्याला अनेकदा हेच करायचं असतं.

शाळेत आता शिकत असलेल्या मुलांपुढे तर आम्हाला न पडलेला प्रश्न आहे. प्रश्न विचारला की वाक्यं तयार करून देणारी यंत्रं आली आहेत. ती कधी कधी न घडलेली घटना, न लिहिलेलं पुस्तक, न झालेला माणूस अगदी शांतपणे, शुद्ध भाषेत सांगतात. याला कुठला शब्द? बाईंचे तीन प्रश्न लावून पाहिले. यंत्राला खरं ठाऊक आहे का? ठाऊक असणं म्हणजे काय हेच तिथे ठरत नाही. फसवायची इच्छा? दिसत नाही. मग थाप नाही, लबाडी नाही, कुभांड नाही. भूल म्हणावी तर भूल पडायला समजूत हवी. ऐकणाऱ्याचं मात्र पुष्कळ जाऊ शकतं. पहिले दोन प्रश्न रिकामे आणि तिसरा भरलेला, असा शब्द त्या फळ्यावर एकही नव्हता.

आमच्या तुकडीच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. एकीनं 'बरळणं' सुचवलं, तापात माणूस बरळतो तसं. हेतू नाही, भान नाही, पण वाक्यं सुसंगत वाटतात. मला तो आवडला. तरी माझं मत संस्कृतच्या तासाकडे जातं. योगसूत्रांच्या पहिल्या पादात विपर्ययाच्या, म्हणजे चुकीच्या ज्ञानाच्या लगेच पुढे नववं सूत्र आहे : 'शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः'. शब्दाला शब्द जोडून जे उभं राहतं आणि ज्याच्या मागे वस्तूच नसते, तो विकल्प. दोरीवरच्या सापाला निदान दोरीचा आधार असतो. विकल्पाला तोही नसतो. सूत्रकारांनी याला खोट्यात घातलं नाही, चुकीतही घातलं नाही, वेगळी जागा दिली. अडचण एवढीच की आजच्या मराठीत विकल्प म्हणजे पर्याय, त्यामुळे मथळ्यात तो वापरला तर कुणालाच कळणार नाही, आणि मग भाष्यकारांचा तिसरा दोष मलाच लागेल.

महोत्सवाच्या मेळाव्याला मराठीच्या बाई येणार आहेत असं कळलं आहे. 'बरळ', 'वस्तुशून्य' आणि आमच्या गटातून आलेले आणखी काही शब्द मी कागदावर उतरवून ठेवले आहेत. आताच्या नववीच्या मुलांनाही त्या वेळी वर्गात बोलवावं, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे; 'बंडल' जसा मागच्या बाकावरून आला, तसा हाही शब्द त्यांच्यातूनच येण्याचा संभव जास्त आहे.